लहान मुलांतील मूत्राचा परतप्रवाह : भाकीत नेमके कशाचे?

माझा एक शाळासोबती विट्याच्या माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी घरी गेलो होतो, तेव्हा तो एक घडी घातलेला कागद घेऊन आला. खानापूर तालुक्यातल्या असंख्य कुटुंबांप्रमाणे त्याच्या बहिणीचे बिऱ्हाडही गलाईच्या धंद्यापायी परराज्यात आहे. दाजींचे दुकान तमिळनाडूत आहे. भाची तेव्हा अडीच वर्षांची होती. थंडी वाजून ताप आला, लघवीत जंतू सापडले, पुढे क्ष-किरण तपासणी झाली आणि डाव्या बाजूला तिसऱ्या श्रेणीचा ‘रिफ्लक्स’ असल्याचे निदान झाले. तेथील रुग्णालयात कोणीतरी संगणकात चार-पाच गोष्टी भरून एक आकडा काढून दिला होता. दोन वर्षांत हा दोष आपोआप जाण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, असे त्या कागदावर होते.

“लेका, तू डॉक्टर ना? हे पास म्हणायचे का नापास?” त्याने विचारले.

मी वैद्यकाचा नव्हे, पीएच.डी.चा डॉक्टर आहे. त्यामुळे भाचीच्या प्रकृतीविषयी बोलण्याचा मला अधिकार नव्हता. पण आकड्याविषयी बोलता येण्यासारखे होते. असे आकडे कसे तयार होतात, ते कशावर उभे असतात आणि कोठे डळमळतात, हे मी त्यानंतर बरेच वाचले. त्या वाचनातून माझे झालेले मत येथे मांडत आहे.

आधी शरीररचना पाहू. दोन मूत्रपिंडांतून निघणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या मूत्राशयाला मिळतात. मात्र टाकीला नळ जोडावा तशा त्या सरळ आत शिरत नाहीत. मूत्राशयाच्या भिंतीतून तिरक्या जातात आणि काही अंतर आतल्या अस्तराखालून सरपटत जाऊन मग उघडतात. जुन्या सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवलेली रबरी नळी आठवा. पंपाची हवा रबर फुगवून आत जाते, पण आतली हवा बाहेर येऊ पाहते तेव्हा तिचाच दाब रबराला भोकावर चिकटवतो. मूत्राशयातही असेच घडते. तो भरला की आतल्या दाबाने अस्तराखालचा मूत्रवाहिनीचा तुकडा चपटा होतो आणि मूत्र मागे जात नाही. काही मुलांत हा तिरका तुकडा जन्मतः आखूड असतो. मग लघवी करताना किंवा मूत्राशय भरलेला असताना मूत्र उलट वर चढते. हाच मूत्राचा परतप्रवाह. मूल वाढते तसा हा तुकडा लांबतो आणि पुष्कळदा दोष आपोआप नाहीसा होतो. भाकिताचा प्रश्न येथूनच उभा राहतो.

परतप्रवाह स्वतः दुखत नाही. मूत्राशयात जंतू शिरले तर त्यांना मूत्रपिंडापर्यंत नेणारी शिडी तो पुरवतो, ही भीती असते. तापासह मूत्रसंसर्ग झालेल्या लहान मुलांपैकी सुमारे ३० ते ४० टक्क्यांत तो आढळतो. भावंडांपैकी एकाला असेल तर दुसऱ्याला असण्याची शक्यता साधारण चारात एक. निदानासाठी मूत्रमार्गातून नळी घालून मूत्राशयात क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव भरतात आणि मूल लघवी करीत असताना चित्रे घेतात. या तपासणीला एम.सी.यू. म्हणतात. द्रव कोठवर चढला आणि वाहिनी किती फुगली यावरून एक ते पाच श्रेणी दिल्या जातात. आज जगभर वापरात असलेली ही पद्धत एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने १९८०च्या दशकात ठरवली. पहिल्या दोन श्रेणींची बहुसंख्य मुले काही वर्षांत बरी होतात. तिसरीत निम्म्याच्या आसपास होतात. पाचवीत फारच थोडी.

श्रेणी, वय आणि एक बाजू की दोन्ही बाजू यांवरून शक्यता सांगणारे तक्ते अमेरिकी मूत्ररोग संघटनेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. २००७ मध्ये आयोवातील शल्यविशारदांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकी प्रतिमान बनवले. मूत्राशय किती भरल्यावर मूत्र उलटते हा महत्त्वाचा घटक त्यांनी पुढे आणला. सर्वांत मोठे काम बोस्टनच्या बालरुग्णालयाचे. २००९ मध्ये त्यांनी २,४६२ मुलांच्या नोंदींवरून आलेख-तक्ते सिद्ध केले. त्यांतील सुमारे निम्म्या मुलांचा परतप्रवाह नाहीसा झाला होता. श्रेणी कमी असेल, दोष एकाच बाजूला असेल, निदानाच्या वेळी वय वर्षापेक्षा कमी असेल, किंवा दोष संसर्गामुळे नव्हे तर गर्भावस्थेतील सोनोग्राफीमुळे वा भावंडांच्या चाचणीत सापडला असेल, तर तो लवकर जातो असे त्यांना दिसले. हे काम चोख आहे. अडीच हजार मुलांचा पाठपुरावा ही सोपी गोष्ट नव्हे, आणि ‘बहुतेक बरे होते हो’ या तोंडी धीरापेक्षा असा तक्ता केव्हाही बरा. माझ्या तक्रारी तक्त्याच्या गणिताबद्दल कमी आणि त्यातून काढल्या जाणाऱ्या अर्थाबद्दल जास्त आहेत.

पहिली गोष्ट गलाईवाल्याला पटकन समजेल. तो जुने दागिने मुशीत टाकून सगळे वितळवतो, टाकणखार घालतो, रस ढवळतो आणि लगड ओततो. मग त्या लगडीचा कण घेऊन कस पाहतो. कणाचा कस म्हणजे लगडीचा कस, कारण सगळे एकजीव झालेले असते. गाठोड्यातली एक बांगडी घासून गाठोड्याचा कस सांगितला तर गिऱ्हाईक उठून जाईल. मुलांचा समूह हे न वितळलेले गाठोडे आहे. बोस्टनच्या गाठोड्यात सोनोग्राफीने जन्माआधीच हेरलेली मुले होती, भावंडांच्या चाचणीत सापडलेली होती. आपल्याकडे मूल या तपासणीपर्यंत बहुधा एक-दोन तापांनंतर पोचते, तेही मूत्राची तपासणी कोणाला सुचली तर. तिसरी श्रेणी दोन्हीकडे तिसरीच, पण तिथपर्यंत येण्याची वाट वेगळी. ही वाट निकालावर परिणाम करते हे बोस्टनच्याच तक्त्याने दाखवले आहे. म्हणून एका गाठोड्यावर बनवलेला तक्ता दुसऱ्यावर आधी ताडून पाहावा लागतो. साठ टक्के शक्यता सांगितलेली शंभर मुले इथली घ्यायची आणि त्यांतल्या साठांच्या आसपास मुलांचा दोष खरोखर जातो का, हे पाहायचे. भाचीच्या कागदावर असे काही ताडल्याचा उल्लेख नव्हता.

दुसरी गोष्ट वर्गात फळ्यावर करून दाखवण्यासारखी आहे. आकडे काल्पनिक घेऊ. शंभर मुले आहेत. ज्यांचा दोष जाईलसे वाटत नाही अशा ४० जणांवर डॉक्टर पहिल्याच वर्षी शस्त्रक्रिया करतात. उरलेल्या ६० पैकी ४५ जणांचा दोष आपोआप जातो. आता ‘आपोआप जाण्याचे’ प्रमाण किती? ६० ने भागले तर ७५ टक्के, १०० ने भागले तर ४५. शस्त्रक्रिया झालीच नसती तर त्या ४० पैकी कदाचित १० जण आपोआप बरे झाले असते, म्हणजे खरे उत्तर ५५. पण ते कोणालाच कळणार नाही, कारण तो प्रयोग झालेला नाही. संख्याशास्त्रज्ञ अशा मुलांना ‘त्या दिवसापर्यंत पाहिलेली’ म्हणून हिशेबात धरतात. ही पद्धत रास्त आहे, पण तिच्यात एक गृहीतक आहे. मधूनच हिशेबाबाहेर गेलेली मुले आणि मागे राहिलेली मुले सारखीच होती, असे ती मानते. शस्त्रक्रियेला निवडलेली मुले इतरांसारखी असतील तर त्यांना निवडले कशाला? जुन्या नोंदींवरून केलेल्या कोणत्याही भाकिताला हा प्रश्न विचारला पाहिजे. वरच्या वर्गातले विद्यार्थी हा मुद्दा चटकन पकडतात असा माझा अनुभव आहे. दहावीचा निकाल शंभर टक्के लावण्यासाठी कच्च्या मुलांना नववीतच अडवणाऱ्या शाळा त्यांना ठाऊक असतात.

श्रेणी ठरवणे हेही माणसाच्या नजरेचे काम आहे. दुसरी आणि तिसरी, तिसरी आणि चौथी यांच्या सीमेवर दोन तज्ज्ञांचे मत वेगळे पडते. म्हणून अलीकडे मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाची रुंदी मोजून ती कण्याच्या मणक्यांच्या मापाशी ताडण्याची पद्धत पुढे आली. नजरेऐवजी पट्टी. ही सुधारणा चांगली आहे, आणि तिच्याबद्दल एवढेच पुरे.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. हे सारे तक्ते परतप्रवाह नाहीसा होण्याचे भाकीत करतात. आईबापांना मात्र परतप्रवाहाशी देणेघेणे नसते. मूत्रपिंड शाबूत राहील का, हे त्यांना हवे असते. ही दोन भाकिते एकच आहेत असे आपण न बोलता धरून चालतो. ती एक नाहीत, याचा पुरावा चाळीसेक वर्षे साठत आला आहे.

परतप्रवाह हेच संकटाचे मूळ असते, तर तो शस्त्रक्रियेने बंद केल्यावर मूत्रपिंडे वाचायला हवी होती. १९८७ मध्ये इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या अभ्यासात तीव्र परतप्रवाह असलेल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. एका गटावर शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याला रोज अल्पमात्रेत प्रतिजैविक दिले. पाच वर्षांनी मूत्रपिंडांच्या स्थितीत म्हणावा असा फरक नव्हता. युरोपातील मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातही हेच दिसले. शस्त्रक्रियेनंतर तापाचे संसर्ग कमी झाले, पण नवे व्रण दोन्ही गटांत सारखेच. अमेरिकेत २०१४ मध्ये ६०७ मुलांवर झालेल्या ‘रिव्हर’ या चाचणीत निम्म्या मुलांना दोन वर्षे रोज को-ट्रायमॉक्साझोल आणि निम्म्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध दिले. औषधाच्या गटात ३०२ पैकी ३९ जणांना पुन्हा संसर्ग झाला, दुसऱ्या गटात ३०५ पैकी ७२ जणांना. म्हणजे संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आला. आणि मूत्रपिंडावरचे व्रण? एकीकडे सुमारे १२ टक्के, दुसरीकडे सुमारे १०. फरक नाही. उलट औषध चालू असताना जे संसर्ग झाले, त्यांतले जंतू त्या औषधाला दाद न देणारे निघण्याचे प्रमाण फार वाढले. २०२३ मध्ये युरोपातील २९२ तान्ह्या बाळांवरच्या चाचणीतही चित्र तेच: पहिले संसर्ग कमी, व्रण तेवढेच.

याचे एक कारण असे की काही मूत्रपिंडे जन्मतःच अपुरी घडलेली असतात. चित्रात जो ‘व्रण’ दिसतो तो पुष्कळदा जंतूंनी केलेला नसतो, गर्भातच घडलेला असतो. परतप्रवाह आणि कमकुवत मूत्रपिंड ही एकाच बिघाडाची दोन अंगे असतील, तर एक दुरुस्त करून दुसरे सुधारणार नाही.

आपल्या देशातला एक अभ्यास येथे मुद्दाम सांगतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बालमूत्रपिंडतज्ज्ञांनी २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. पहिल्या ते चौथ्या श्रेणीची ९३ मुले, पुन्हा को-ट्रायमॉक्साझोल आणि निष्क्रिय औषध अशी तुलना. अमेरिकेवरून अंदाज बांधला असता तर औषधाच्या गटात संसर्ग निम्मे व्हायला हवे होते. झाले उलटेच. औषध घेणाऱ्या ४७ पैकी १० जणांना संसर्ग झाला, न घेणाऱ्या ४६ पैकी केवळ ३ जणांना. अभ्यास लहान आहे. त्यातली मुले वयाने मोठी होती आणि त्यांत मुलगे जास्त होते, तर अमेरिकेच्या चाचणीत दहापैकी नऊहून अधिक मुली होत्या. एवढ्यावरून अमेरिकेची चाचणी चुकली असे म्हणता येत नाही, आणि मी तसे म्हणत नाही. पण गाठोडे बदलले की उत्तराची दिशासुद्धा बदलू शकते, हे यातून दिसते. बोस्टनचा तक्ता विट्याच्या मुलीला लावताना ही शक्यता कागदावर एका ओळीत तरी असावी, एवढी माझी अपेक्षा आहे.

मग भाकिताचा उपयोग काहीच नाही का? आहे. पण तो करण्याआधी भाकितातल्या घटकांची वाटणी करावी लागते. वय, लिंग, श्रेणी, बाजू हे कोणाच्या हातचे नाहीत. एक घटक मात्र हातचा आहे, आणि शिक्षकांसाठी लिहिताना तो टाळून चालणार नाही. काही मुले लघवी दाबून धरतात, पाय आवळून बसतात, त्यांना अचानक पळावे लागते किंवा कपडे ओले होतात, आणि बहुधा त्यांना बद्धकोष्ठही असते. भरलेले मलाशय मूत्राशयावर रेलते, तो पुरता रिकामा होत नाही, आत दाब वाढतो. म्हणजे सायकलच्या त्या रबराची परीक्षा जास्त कडक होते. अमेरिकी मूत्ररोग संघटनेने २०१० मध्ये जुने अभ्यास एकत्र केले, तेव्हा रोज प्रतिजैविक घेणाऱ्या मुलांत असे आढळले की ही लक्षणे नसतील तर दोन वर्षांत ६१ टक्क्यांचा परतप्रवाह गेला, असतील तर ३१ टक्क्यांचाच. तापाचे संसर्ग अनुक्रमे १३ आणि ४४ टक्के. एवढा फरक पाडणारे घटक या विषयात फार नाहीत.

येथेही सावध राहायला हवे. बद्धकोष्ठ असलेल्या मुलांत परतप्रवाह टिकतो, यावरून बद्धकोष्ठ घालवले की तो जाईल असे आपोआप सिद्ध होत नाही. मूत्राशयाचा मूळ बिघाडच दोन्हींचे कारण असू शकतो. तरीही पाणी, भाजी, शौचाची ठरलेली वेळ आणि तासातासांमध्ये लघवीला जाऊ देणे हे उपाय फुकटचे आणि निरुपद्रवी आहेत. रोजच्या प्रतिजैविकाबद्दल तसे म्हणता येत नाही. केरळातील शाळांत २०१९ पासून पाणी पिण्यासाठी स्वतंत्र घंटा वाजू लागली. मात्र घंटेने प्यायलेले पाणी बाहेर टाकायला दार लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह नसेल, तर मुली घंटा वाजली तरी पाणी पिणार नाहीत. वर्गातून ‘जाऊ का?’ विचारणाऱ्या मुलीला ‘मधल्या सुट्टीत जा’ म्हणताना आपण तिच्या कागदावरच्या एका घटकाला हात लावत असतो.

भाचीच्या कागदाचा खरा धोका मला नंतर कळला. निम्म्याहून जास्त शक्यता म्हणजे पास, असे तिच्या घरात सर्वांनी मनाशी धरले होते. पुढच्या गणपतीत ती विट्याला आली असताना तिला ताप भरला. पास झालेल्या मुलीच्या लघवीची तपासणी कोण करणार? साथीचा ताप म्हणून चार दिवस गोळ्या चालल्या. पाचव्या दिवशी मित्राने आठवण केली, लघवी तपासली, जंतू निघाले, आणि मुलीला मिरजेला न्यावे लागले. या चार दिवसांविषयी त्या कागदावर एक शब्द नव्हता. वास्तविक मूत्रपिंडाच्या दृष्टीने दिवस आणि तास यांचाच हिशेब मोठा आहे. अमेरिकेतील ‘रिव्हर’ आणि तिच्या जोडीच्या अभ्यासातील ४८२ मुलांचे २०१६ मध्ये पुन्हा विश्लेषण झाले. ज्यांना नवे व्रण झाले त्यांना उपचार सुरू होण्यापूर्वी मध्यमानाने ७२ तास ताप होता, ज्यांना झाले नाहीत त्यांना ४८ तास. एका दिवसाचा फरक. कागद देणाऱ्याने आकड्याखाली ‘कारण न कळणारा ताप आला तर दुसऱ्या दिवसाच्या आत लघवी तपासा, तिचे जंतुसंवर्धन करा, आणि त्याचा नमुना प्रतिजैविक देण्याआधी घ्या’ एवढे लिहिले असते, तर ती ओळ वरच्या टक्केवारीहून मोलाची ठरली असती. मूल एका राज्यात तपासले जाते, सुट्टीत दुसऱ्या राज्यात आजारी पडते आणि त्याची कागदपत्रे दुकानाच्या गल्ल्यात असतात, अशा कुटुंबांसाठी तर फारच. मित्राने आता त्या कागदांच्या प्रती काढून एक संच विट्यात ठेवला आहे.

टक्केवारीला पास-नापास समजणे ही चूक फक्त त्या घराची नव्हे. आपण शाळेत शक्यता शिकवतो ती फाशांची आणि नाण्यांची. तेथे डाव पुन्हा टाकता येतो आणि शंभर डावांत साठ म्हणजे काय ते डोळ्यांना दिसते. मूल एकदाच वाढते. त्याच्या बाबतीत ‘साठ टक्के’ म्हणजे त्याच्यासारख्या शंभरांपैकी साठ, आणि ‘त्याच्यासारखे’ कोण हे ठरवणारा तक्ता दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या गाठोड्यावरून बनवलेला. विट्याच्या माणसाला हे पावसाच्या अंदाजावरून सांगितले तर कळते. अंदाज जिल्ह्याचा असतो, पेरणी स्वतःच्या शिवारात करायची असते. म्हणून कोणी अंदाज ऐकायचे सोडत नाही, पण अंदाज ऐकून विहिरीवरचा पंपही विकत नाही.

मित्राने हल्लीच पत्रातून विचारले, दोन वर्षे झाली, आता पुन्हा एम.सी.यू. करायची का? नळी घालायची, मूल रडणार, थोडे किरणही जाणार. कागदावरचे भाकीत खरे ठरले का, हे त्याशिवाय कळणार नाही. मी त्याला उलट प्रश्न कळवला: निकाल काहीही आला तरी उपचारात काय बदलेल, हे आधी तिच्या डॉक्टरांना विचार. त्यांचे उत्तर असे आले की वर्षभर ताप नाही, मूत्रपिंडांची सोनोग्राफीतील वाढ वयाप्रमाणे आहे, शौचाची तक्रार मिटली आहे. तेव्हा आत्ता काही बदलणार नाही. दाजींना मात्र आकडा बरोबर होता की नाही ते पाहायचेच आहे. बहीण नको म्हणते.